कार्बन डायऑक्साइड मोजणारे इन्फ्रारेड सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा मॉनिटर घेणारे, स्वतः मायक्रोकंट्रोलरला सेन्सर जोडणारे, वर्गाच्या किंवा कार्यालयाच्या भिंतीवरचा आकडा बघून खिडकी उघडायची की नाही हे ठरवणारे, अशा सगळ्यांकडून हे प्रश्न येत राहतात. बहुतेक गोंधळाचं मूळ एकच असतं: सेन्सर कशाला 'ताजी हवा' धरून चालला आहे, हे वापरणाऱ्याला माहीत नसतं. त्यामुळे प्र. ८ ते ११ मुद्दाम लांबवले आहेत. घाई असेल तर तेवढे तरी वाचा.

१. हा सेन्सर नेमकं मोजतो तरी काय?

कार्बन डायऑक्साइडचा रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश जोरात शोषतो. सेन्सरच्या डबीत एका टोकाला प्रकाशाचा स्रोत असतो, म्हणजे छोटा दिवा, तापणारी पातळ पट्टी किंवा एलईडी. दुसऱ्या टोकाला डिटेक्टर असतो आणि त्याच्यापुढे फक्त ४.२६ च्या आसपासचाच प्रकाश सोडणारा फिल्टर. मधल्या पोकळीत खोलीतली हवा आपोआप शिरते. हवेत कार्बन डायऑक्साइड जितका जास्त, तितका डिटेक्टरपर्यंत पोचणारा प्रकाश कमी. या घटीवरून बिअर-लँबर्टच्या नियमाने रेणूंची संख्या काढतात.

या पद्धतीला एनडीआयआर (नॉन-डिस्पर्सिव्ह इन्फ्रारेड) म्हणतात. 'एनडी' म्हणजे प्रकाश प्रिझमने फाकवलेला नाही, नुसता फिल्टरने गाळलेला आहे. साध्या हवेत आणि काही सेंटिमीटरच्या अंतरात होणारं शोषण फार थोडं असतं. म्हणून पुष्कळ सेन्सरांच्या पोकळीला आतून सोन्याचा मुलामा देतात. सोनं इन्फ्रारेड जवळजवळ पूर्ण परावर्तित करतं, त्यामुळे लहानशा डबीतही प्रकाशाची वाट लांबवता येते.

२. हवेत नायट्रोजन, ऑक्सिजन आणि बाष्प कितीतरी जास्त असतं. ते आड येत नाही का?

नायट्रोजन आणि ऑक्सिजन येत नाहीत. त्यांच्या रेणूत दोन सारखेच अणू असतात. रेणू कंप पावला तरी विद्युतभाराचा तोल हलत नाही, त्यामुळे तो इन्फ्रारेड शोषत नाही. बाष्प शोषतं, पण त्याचे मुख्य पट्टे २.७ आणि ६ मायक्रोमीटरजवळ आहेत. ४.२६ जवळची जागा त्या मानाने मोकळी आहे, आणि हीच तरंगलांबी निवडण्यामागचं ते एक मोठं कारण आहे.

बाष्पाचा खरा त्रास होतो तो दव धरल्यावर. आतल्या आरशांवर पाण्याचा थर बसला की प्रकाश कमी पोचतो आणि सेन्सर ती घट कार्बन डायऑक्साइडच्या खाती मांडतो. थंड जागेतून उबदार, दमट खोलीत आणलेला सेन्सर काही वेळ भलताच आकडा दाखवतो तो यामुळेच. तो आपोआप सुकू द्या.

३. ही पद्धत नवी आहे का?

मुळीच नाही. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये वेगवेगळे वायू भरलेल्या काचेच्या नळ्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते हे दाखवून दिलं. वायू उष्णतेचे किरण किती शोषतात हे जॉन टिंडल यांनी १८५९ पासून उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. जर्मनीत १९३८ मध्ये लुफ्ट आणि लेहरर यांनी कारखान्यांसाठी इन्फ्रारेड वायू-विश्लेषक तयार केला. आणि हवाईतल्या माउना लोआवर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये ज्या नोंदी सुरू केल्या, त्याही इन्फ्रारेड विश्लेषकानेच. तेव्हाचा पहिला आकडा होता ३१३ पीपीएम (पीपीएम म्हणजे काय, ते प्र. ४ मध्ये). आज तिथली वार्षिक सरासरी ४२० च्या वर गेली आहे. आपल्या हातातली डबी याच घराण्यातली आहे.

४. पीपीएम म्हणजे काय, आणि किती आकडा 'चांगला'?

दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू किती, हा तो आकडा. ४२० पीपीएम म्हणजे ०.०४२ टक्के. आपण सोडलेल्या श्वासात मात्र तो सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएमच्या घरात असतो. बंद खोलीत आकडा चढतो तो त्यामुळेच.

१,००० पीपीएमची सर्वपरिचित मर्यादा जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचवली. त्या आकड्याला वायू विषारी होतो असं त्यांना म्हणायचं नव्हतं. माणसांच्या वावराने हवा किती कोंदली आहे, याची ती खूण होती, आणि अजूनही तिचा अर्थ तोच घ्यावा. कामाच्या ठिकाणी खुद्द या वायूपासून संरक्षण म्हणून आठ तासांच्या सरासरीची जी मर्यादा बऱ्याच देशांत वापरतात ती ५,००० पीपीएम आहे. ४०,००० ला जिवाला तत्काळ धोका मानतात.

मला स्वतःला दुसरा हिशेब जास्त बोलका वाटतो. खोलीत १,२०० पीपीएम असेल तर बाहेरचे ४२० वजा करा. उरलेल्या ७८० ला श्वासातल्या सुमारे ३८,००० ने भागा. उत्तर येतं २ टक्के. म्हणजे आत घेतलेल्या हवेचा पन्नासावा हिस्सा त्याच खोलीत कुणाच्या तरी फुप्फुसातून आधी जाऊन आलेला असतो. हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या काळात या मोजणीला महत्त्व येतं ते याचसाठी.

५. माझ्या मॉनिटरवर 'ईसीओटू' (eCO2) लिहिलंय. तेही हेच ना?

नाही. आधीचा 'ई' अंदाजाचा आहे. सीसीएस८११ किंवा एसजीपी३० यांसारख्या चिपा तापवलेल्या धातूच्या ऑक्साइडवर हायड्रोजन आणि सेंद्रिय वाफा ओळखतात, आणि माणसं असतील तर या वाफाही वाढतील असं गृहीत धरून कार्बन डायऑक्साइडचा आकडा रचतात. खुद्द कार्बन डायऑक्साइड त्यांना दिसतच नाही. सर्किटांच्या छंदात खपणारा एमक्यू-१३५ ही त्याच जातीचा.

ओळखायची सोपी युक्ती: मॉनिटरजवळ हात-सॅनिटायझरचे दोन थेंब चोळा. आकडा एकदम हजारोंनी उसळला तर आत इन्फ्रारेड सेन्सर नाही. अल्कोहोलचं शोषण ३.४ मायक्रोमीटरजवळ होतं, ४.२६ च्या फिल्टरमागे ते पोचत नाही, म्हणून खरा एनडीआयआर जागचा हलत नाही. चाचणी करताना श्वास मात्र दुसरीकडे सोडा, नाहीतर निकाल चुकेल.

६. गिझर किंवा शेगडीच्या विषारी धुरापासून हा सेन्सर वाचवेल का?

नाही, आणि यावर कृपया विसंबू नका. तो घातक वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याचं शोषण ४.६७ मायक्रोमीटरजवळ होतं, आपल्या फिल्टरच्या बाहेर. त्यासाठी वेगळा कार्बन मोनॉक्साइड अलार्मच हवा.

७. डेटाशीटवर '±५० पीपीएम + ५%' लिहिलंय. मग पडद्यावरच्या ८४७ चा अर्थ काय?

दोन्ही भाग मिळवायचे. ८४७ चे ५ टक्के सुमारे ४२, अधिक ५०. म्हणजे खरा आकडा साधारण ७५५ ते ९४० मध्ये कुठेही असू शकतो. शेवटचा अंक दिसतो याचा अर्थ तो खरा असतो असं नाही. एकाच सेन्सरवरचे चढ-उतार मात्र बरेच विश्वासार्ह असतात: ७०० चे ११०० झाले तर हवा नक्की कोंदली आहे. दोन वेगळ्या सेन्सरांत ८० चा फरक दिसला तर दोघेही आपापल्या मर्यादेत असू शकतात. कुणाला बाद करण्याआधी दोघांना शेजारी ठेवून प्र. ११ प्रमाणे जुळवा.

८. स्वयंचलित बेसलाइन कॅलिब्रेशन म्हणजे काय? ते चालू ठेवू की बंद?

वापरता वापरता दिवा मंदावतो, आरशांवर धूळ बसते आणि सेन्सरचा आकडा हळूहळू सरकतो. यावर उत्पादकांनी एक तोडगा काढला. सेन्सर ठरावीक काळातला आपला सर्वांत कमी आकडा लक्षात ठेवतो आणि 'या काळात एकदा तरी खोलीत बाहेरची ताजी हवा आली असेल' असं मानून त्या आकड्याला ४०० पीपीएम ठरवतो. ताजी हवा मानलेली ही तळाची पातळी म्हणजे बेसलाइन. हा काळ अनेक सेन्सरांत आठवड्याच्या आसपास असतो. एमएच-झेड१९ मध्ये तर ही दुरुस्ती दर २४ तासांनी होते.

कार्यालय, शाळा, सभागृह अशा रोज रात्री रिकाम्या होणाऱ्या जागी हे उत्तम चालतं. तिथे चालूच ठेवा. पण गृहीतक मोडलं की हीच सोय खोटं बोलू लागते, आणि पडद्यावर त्याची काहीच खूण उमटत नाही. तराजूला पासंग असला की प्रत्येक वजन तेवढंच चुकतं आणि माप मात्र बिनचूक वाटतं, तसं हे होतं.

आणखी एक बारीक गोष्ट. बऱ्याच सेन्सरांत तळाचा आकडा अजून ४०० च कोरलेला आहे, बाहेरची हवा मात्र ४२० च्या पुढे गेली. म्हणजे सगळं अगदी नीट चाललं असतानाही आकडा २०-२५ ने कमी दिसतो. घरगुती वापरात हा फरक क्षम्य आहे. नोंदी ठेवून तुलना करायची असेल तर मात्र तो हिशेबात धरा.

९. आमच्या खोलीत चोवीस तास कुणीतरी असतंच. आकडा कधीच ८०० च्या वर जात नाही. म्हणजे हवा चांगली आहे ना?

हाच तो फसवा प्रसंग. समजा, आजारी माणसाच्या खोलीत हवा पहाटेसुद्धा ७०० च्या खाली येत नाही. सेन्सर काही आवर्तनांत या ७०० लाच ४०० म्हणायला शिकतो. त्यानंतर खरे १,१०० झाले तरी पडद्यावर ८०० च दिसतात. आकडा समाधानकारक, हवा कोंदलेली. रुग्णालयं, सुरक्षा कक्ष, वसतिगृहं आणि हिवाळ्यात कायम बंद असणारी घरं, सगळीकडे हे होऊ शकतं.

संशय आला तर मॉनिटर अर्धा तास मोकळ्या हवेत ठेवा. तिथे ३०० च्या आत-बाहेर किंवा त्याहूनही कमी आकडा आला तर बेसलाइन वर सरकली आहे, हे नक्की. (काही सेन्सर ४०० च्या खालचा आकडा दाखवतच नाहीत. तिथे एका जागी गोठलेला ४०० दिसेल, तीही तीच खूण.) अशा जागी स्वयंचलित दुरुस्ती बंद करा आणि दर काही महिन्यांनी हाताने कॅलिब्रेशन करा. पद्धत प्र. ११ मध्ये आहे.

१०. हरितगृहात सेन्सर उलट जास्त आकडा का दाखवतो?

हीच चूक, पण उलट्या दिशेने. बंद हरितगृहात उन्हाच्या वेळी झाडं कार्बन डायऑक्साइड इतका ओढतात की तो बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. तो ३०० वर गेला आणि स्वयंचलित दुरुस्ती चालू असली, तर सेन्सर ३०० लाच ४०० म्हणणार. मग तुम्ही वायू सोडून १,००० पर्यंत नेला असं वाटतं, प्रत्यक्षात असतात ९००. हरितगृह, अळिंबीच्या खोल्या, शीतगृहं या ठिकाणी ही दुरुस्ती कायम बंद हवी. दोन चॅनलचा सेन्सर घेतलात तर आणखी बरं (प्र. १३).

११. प्रयोगशाळेशिवाय कॅलिब्रेशन कसं करायचं?

बाहेरची हवा हाच आपला प्रमाणवायू. दुपारची, थोडा वारा असलेली वेळ निवडा. पहाट का नको, ते प्र. १९ मध्ये आहे. सेन्सर सावलीत, रहदारीपासून आणि चिमणीपासून लांब ठेवा. चालू करून २०-३० मिनिटं सोडून द्या, म्हणजे त्याचं तापमान स्थिरावेल. आकडा एका ठिकाणी घोटाळू लागला की कॅलिब्रेशनची आज्ञा द्या. एससीडी४० आणि ४१ ला तुम्ही अपेक्षित आकडा स्वतः सांगू शकता, तिथे ४०० न देता ४२५ द्या. त्याआधी निदान तीन मिनिटं मोजणी चालू असावी लागते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या शेवटच्या मिनिटात. लोक पडद्यावर वाकून, श्वास सोडत बटण दाबतात. त्या वेळी डबीजवळ दीड-दोन हजार पीपीएम असतील तर सेन्सर त्यालाच ताजी हवा मानून बसतो, आणि मग आत आणल्यावर आकडा कायम तळाशी. आज्ञा द्यायला लांब वायर वापरा किंवा विलंब लावून बाजूला व्हा.

१२. 'झीरो कॅलिब्रेशन' आहे म्हणून मी सेन्सर नायट्रोजनमध्ये ठेवला. आता आकडा ४०० ने जास्त येतो. काय बिघडलं?

सेन्सर बिघडलेला नाही. एमएच-झेड१९ च्या भाषेत 'झीरो' म्हणजे ४०० पीपीएम. एचडी पिन ७ सेकंद शून्य व्होल्टला धरली की तो समोरच्या हवेला ४०० ठरवतो. तुम्ही शुद्ध नायट्रोजनला ४०० ठरवलंत, म्हणून सगळे आकडे तेवढे वर गेले. प्र. ११ प्रमाणे बाहेरच्या हवेत पुन्हा करा. काही औद्योगिक सेन्सरांत झीरो म्हणजे खरोखर शून्यच असतं आणि तिथे नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या सोडा लाइममधून गाळलेली हवा बरोबर ठरते. आज्ञा देण्याआधी डेटाशीटचं ते एक पान वाचलंच पाहिजे.

१३. एक चॅनल की दोन?

दोन चॅनलच्या सेन्सरात आणखी एक डिटेक्टर असतो, ३.९ किंवा ४.० मायक्रोमीटरच्या फिल्टरमागे. तिथे कार्बन डायऑक्साइड शोषत नाही. दिवा मंदावला किंवा धूळ बसली तर दोन्ही चॅनल सारखेच खाली येतात, गुणोत्तर तेच राहतं. म्हणून ताज्या हवेची वारंवार गरज पडत नाही. ड्रिफ्ट, म्हणजे आकड्याचं हळूहळू सरकणं, पूर्ण जातं असं मात्र नाही. सतत माणसं असलेल्या जागेसाठी मी दोन चॅनलचाच सुचवेन, रात्री मोकळ्या होणाऱ्या जागेला एक चॅनल पुरतो.

१४. फोटोअकूस्टिक सेन्सर इन्फ्रारेडच का म्हणवतात?

प्रकाश तोच, ऐकणं वेगळं. इन्फ्रारेडचे झोत थांबून थांबून सोडले की रेणू प्रत्येक झोताला तापतात, वायू फुगतो आणि बारीक आवाज होतो. तो मायक्रोफोनने टिपतात. हा परिणाम अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये शोधला. इथे लांब वाटेची गरज नसते, त्यामुळे एससीडी४१ सारखा सेन्सर नखाएवढ्या जागेत बसतो. हादरे आणि पंख्याच्या थेट झोतापासून त्याला जपावं लागतं.

१५. डोंगरावरच्या गावात आकडे कमी येतात. हवा शुद्ध म्हणून का?

नाही, हवा विरळ म्हणून. सेन्सर पोकळीतले रेणू मोजतो आणि समुद्रसपाटीचा दाब गृहीत धरून पीपीएम सांगतो. १,५०० मीटर उंचीवर दाब सुमारे ८४५ हेक्टोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीच्या ८३ टक्के. खरे १,००० पीपीएम तिथे ८३० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी दिसतात.

इथे प्र. ८ ची दुरुस्ती अर्धवटच मदत करते. बाहेरचे ३५० दिसणारे आकडे ती ४०० वर उचलते, त्यामुळे तळाशी सगळं ठीक वाटतं. पण नुसती ५० ची भर घालून वरच्या आकड्यांची १७ टक्के घट भरून निघत नाही. एससीडी३० आणि एससीडी४१ ला उंची किंवा दाब कळवण्याची सोय आहे, ती वापरा. बाकीच्यांसाठी शेजारी दाबमापक सेन्सर लावून आकडा स्वतः सुधारा.

१६. आकडा सारखा उड्या मारतो. सेन्सर खराब आहे का?

आधी वीजपुरवठा तपासा. दिवा पेटतो त्या क्षणी प्रवाह सरासरीच्या कितीतरी पट होतो. सेन्सएअर एस८ सरासरी ३० मिलिअँपिअर घेतो, पण क्षणभर ३०० पर्यंत मागतो. बारीक यूएसबी वायर किंवा मायक्रोकंट्रोलरची ३.३ व्होल्टची पिन तिथे मान टाकते. वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या, सेन्सरजवळ मोठा कपॅसिटर लावा.

पुरवठा ठीक असेल तर थेट ऊन, जवळ बसून बोलणारा माणूस आणि एसीचा झोत ही पुढची कारणं. पोकळीचं पत्र्याचं झाकण बोटाने दाबणं किंवा सोल्डर करताना वाकवणं यानेही आरसे हलतात आणि आकडा कायमचा सरकतो. झाकणावरची पांढरी पट्टी पॅकिंगची नाही: ती हवा आत सोडते, धूळ अडवते. ती काढू नका.

१७. खोलीत किती हवा बदलते, हे यावरून काढता येईल?

येतं, आणि या सेन्सरचा हा माझ्या मते सर्वांत मोलाचा उपयोग आहे. लोक बाहेर पडल्यावर आकडा उतरू द्या. बाहेरची पातळी वजा करून पाहा. समजा, सुरुवातीला १,६२० आणि तासाभराने ८६० आहे. ४२० वजा केल्यावर १,२०० चे ४४० झाले, म्हणजे भागाकार २.७३. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम १. तासाला एकदा खोलीभर हवा बदलते, असा अर्थ. मोजणीच्या काळात खोली पूर्ण रिकामी हवी, दारं-खिडक्या हलवू नका, छोटा पंखा चालू ठेवा म्हणजे हवा एकजीव राहील. बेसलाइन थोडी चुकली असेल आणि तुम्ही त्याच सेन्सरचा बाहेरचा आकडा वजा केला असेल, तर ती चूक बरीचशी कटते.

उलट दिशेचा अंदाजही हाती असू द्या. बसून काम करणारा प्रौढ माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३० घनमीटरच्या पूर्ण बंद खोलीत त्याने तासाला ६०० पीपीएम वाढतात. दोन माणसं असतील तर दुप्पट.

१८. एअर प्युरिफायर चालू आहे, तरी आकडा उतरत नाही. कुठे लावू सेन्सर?

प्युरिफायरचा हेपा फिल्टर कण अडवतो, वायू नाही. त्यामुळे आकडा उतरणारच नाही, पण हवेतल्या कणांचा धोका कमी झालेला असू शकतो. मास्कचंही तसंच. अशा खोलीत प्र. ४ मधला दोन टक्क्यांचा हिशेब धोका वाढवून सांगतो. कुंड्यांनी आकड्यात दिसण्याजोगा फरक पडत नाही.

जागेबद्दल: बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, कुणाच्याही तोंडापासून निदान एक-दोन मीटर दूर, खिडकी आणि हवेच्या झडपेपासून बाजूला. हा वायू जड असल्याने जमिनीजवळ लावावा, हा सल्ला राहत्या खोलीला लागू नाही, तिथे हवा सतत ढवळली जाते. वायूच्या टाक्या ठेवलेल्या तळघरात किंवा खड्ड्यात मात्र गळती खरोखर खाली साचते. तिथे सेन्सर खालीच लावा आणि तो जास्त पल्ल्याचा, अलार्मसह असू द्या.

१९. पहाटे अंगणात ४८० दाखवतो. बाहेर इतका असूच कसा शकतो?

असू शकतो. रात्री झाडं आणि माती दोन्ही श्वसन करतात, प्रकाशसंश्लेषण थांबलेलं असतं, आणि वारा पडला की जमिनीलगतचा थंड थर वरच्या हवेत मिसळत नाही. रहदारीचा धूरही त्यातच अडकतो. ऊन चढून हवा हलू लागली की आकडा खाली येतो. दुपारीही ४८० च राहिला तर बेसलाइन खाली सरकली आहे, प्र. ११ करा. आणि पहाटे पाहिलेल्या त्या ४८० वर कॅलिब्रेशन उरकलं असेल, तर तेही दुपारी पुन्हा करा.